सिममध्ये आयएलएस पकडायचा तरी कसा? हीथ्रो २७आर, सेसना १७२ आणि सगळं पहिल्यापासून

सिम (संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर) घेतलं, विमान हातात बसलं, छान ऊन असलं की लँडिंगही बऱ्यापैकी जमतं, आणि मग एक दिवस ढग लावून आयएलएसने (रेडिओवरून रनवेची वाट दाखवणारी यंत्रणा) उतरायला जावं तर रनवेची रेषा डावीकडे की उजवीकडे ते दाखवणारा तो उभा काटा एका कोपऱ्यात चिकटून बसतो. बसतो, बसतो, हलतच नाही, आणि एकदा सुटला की थेट दुसऱ्या कोपऱ्यात. मग आपण त्याच्या मागे, विमान नागमोडी, खाली उंची वाढलेली की घटलेली ते बघायला सवड नाही, आणि ढगातून बाहेर येतो तेव्हा रनवे भलत्याच खिडकीत. बहुतेकांना वाटतं आपला हात चुकतोय. हात चुकत नसतो हो, काटा हलायच्या आधीच काहीतरी बिघडलेलं असतं: उंची जास्त, वेग जास्त, कोन फार मोठा, नाहीतर रेडिओचं बटण भलतीकडे. म्हणून या लेखात काटा हलायच्या आधीचं जास्त लिहिलंय आणि नंतरचं त्या मानाने कमी.

उदाहरण म्हणून लंडन हीथ्रोचा २७आर रनवे घेतो (२७ म्हणजे साधारण २७० अंश, पश्चिमेकडे; आर म्हणजे दोन समांतर रनवेंपैकी उजवा, एल म्हणजे डावा). मुंबई का नाही, तर मुंबईच्या पूर्वेला डोंगर आहेत, त्याचं शेवटी सांगतो. हीथ्रोच्या पूर्वेला सगळं सपाट शहर आहे, खाली थेम्स आणि ओळखू येणाऱ्या जागा आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक सिममध्ये हा एअरपोर्ट नीट बनवलेला असतो. सेसना घेऊन हीथ्रोला कोण जाऊ देईल म्हणाल तर सिममध्ये कोण अडवतंय. सेसनाच घ्या असं मुद्दाम सांगतोय, कारण ९० नॉट्सला (तासाला ९० नॉटिकल मैल) विचार करायला वेळ मिळतो, बोइंग ७३७ मध्ये तो मिळत नाही.

आधी थोडं, हे आहे काय

आयएलएस म्हणजे दोन वेगवेगळे रेडिओ किरण. लोकलायझर डावं-उजवं सांगतो, ग्लाइडस्लोप वर-खाली सांगतो. लोकलायझरचा अँटेना रनवेच्या पलीकडच्या टोकाला असतो आणि तिथून तो आपल्या दिशेने सिग्नल फेकतो, उतरणाऱ्याच्या डाव्या बाजूला ९० हर्ट्झचा सूर जास्त, उजव्या बाजूला १५० हर्ट्झचा, दोन्ही सारखे झाले की काटा मध्ये. ग्लाइडस्लोपचंही तेच, वर ९०, खाली १५०. विमानातल्या यंत्राला तुमचं नाक कुठे आहे ते अजिबात कळत नाही, तुम्ही रेषेच्या कोणत्या बाजूला आहात एवढंच कळतं. हे डोक्यात पक्कं ठेवा, नाक रनवेकडे असूनही काटा कोपऱ्यात असू शकतो आणि काटा मध्ये असूनही नाक भलतीकडे असू शकतं.

दुसरी गोष्ट, हे सगळं नरसाळ्यासारखं आहे, लांब रुंद आणि जवळ अरुंद. थ्रेशोल्डजवळ, म्हणजे रनवे जिथे सुरू होतो त्या टोकाजवळ, मध्यापासून एका कोपऱ्यापर्यंतचं अंतर साधारण १०५ मीटर धरलेलं असतं. हीथ्रोचा हा रनवे जवळजवळ ३.९ किलोमीटर लांब आहे, तर हिशोब केला की ९ मैलांवर तेच अंतर साधारण ५०० मीटर होतं. (मैल म्हणजे इथे सगळीकडे नॉटिकल मैल.) आता ९० नॉट्सने ३० अंशाच्या कोनात रेषेकडे येत असाल तर आडवा वेग ४५ नॉट्स, म्हणजे सेकंदाला २३ मीटर. काटा कोपऱ्यातून सुटल्यापासून मध्यावर यायला वीस-बावीस सेकंद. पुरेसे आहेत. तेच बोइंग घेऊन १८० नॉट्सने ४५ अंशात आलात तर सात-आठ सेकंद. कळलं ना काटा "अचानक" का पळतो ते? सिमप्रमाणे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण गोष्ट तीच.

सुरुवात कुठून करायची

सिमच्या नकाशावर लंडनच्या पूर्वेला स्ट्रॅटफर्डचं ऑलिम्पिक स्टेडियम शोधा. तिथे हवेत सुरू करा: उंची २५०० फूट, हेडिंग (नाकाची दिशा, अंशांत) २४०, वेग ९० ते १००. वारा शून्य ठेवा, हवा स्वच्छ ठेवा, हो, पहिल्यांदा ढग नकोतच, काटा काय करतो आणि बाहेर काय दिसतं हे दोन्ही एकदम बघता आलं पाहिजे. तुमच्या सिममध्ये हव्या त्या हेडिंगवर हवेत सुरू करता येत नसेल तर थोडं मागून सुरू करून तिथपर्यंत उडत या, त्याने काही बिघडत नाही.

ही जागा का? रनवेची रेषा पूर्वेकडे वाढवली तर ती क्यू गार्डन्सवरून, बार्न्सवरून, चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानाच्या अगदी जवळून जाते. स्टेडियम त्या रेषेच्या उत्तरेला साडेतीन मैलांपेक्षा थोडं जास्त. तिथून २४० धरलं की फायनलच्या, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्याच्या, २७० ला तुम्ही बरोबर ३० अंशाने छेदता, थ्रेशोल्डपासून नऊ-सव्वानऊ मैलांवर, म्हणजे जवळपास स्टॅमफर्ड ब्रिजवर. आणि २५०० फुटांवर ग्लाइडस्लोप भेटतो साडेसात मैलांवर. मधे उरतात पावणेदोन मैल, ९० नॉट्सला मिनिटभराहून थोडं जास्त. या एका मिनिटासाठी सगळा खटाटोप आहे. लोकलायझर पकडला, विमान सरळ झालं, वारा कळला, आणि मग ग्लाइडस्लोप आला असं एकामागून एक व्हायला हवं. दोन्ही काटे एकदम आले की माणूस दोन्ही सोडतो.

तुमच्या आवडीच्या रनवेसाठी पण हाच हिशोब: चार्टवर (त्या रनवेला कसं यायचं त्याचा नकाशा) ग्लाइडस्लोप कुठे भेटतो ते बघा, त्याच्या दोनेक मैल आधी लोकलायझर भेटेल असं मागे मोजत या. ३० अंशाने येताना रेषेपासून जेवढे मैल बाजूला आहात त्याच्या दुप्पट उडावं लागतं, बस एवढी भूमिती पुरते. लिटल नॅव्हमॅप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आयएलएसचा पिसारा (किरणाचा निमुळता पट्टा) नकाशावर दिसतो, ते दुसऱ्या स्क्रीनवर उघडं ठेवा, निदान सुरुवातीला.

रेडिओ: इथेच निम्मे लोक अडकतात

हीथ्रो २७आर ची फ्रीक्वेन्सी ११०.३०. नॅव्ह १ (पहिला नॅव्हिगेशन रेडिओ) मध्ये स्टँडबायला घाला आणि मग बाणाचं बटण दाबून ॲक्टिव्हला आणा. हे बाणाचं बटण विसरायचं प्रमाण इतकं आहे की काही बोलू नका, फ्रीक्वेन्सी समोर दिसत असते म्हणून वाटतं लागली, पण ती नुसती रांगेत उभी असते.

मग आयडेंट, म्हणजे त्या आयएलएसचा ओळखीचा संकेत, ऐका. २७आर चा आयडेंट आहे आयआरआर, मोर्समध्ये टिक टिक, टिक डा टिक, टिक डा टिक. ऐकायचा कंटाळा येतो, मान्य, पण इथे एक गंमत आहे. याच रनवेचं दुसरं टोक म्हणजे ०९एल, त्याची फ्रीक्वेन्सी पण ११०.३० च आहे, फक्त आयडेंट आयएए. खऱ्या हीथ्रोवर एका वेळी एकच टोक चालू असतं. सिममध्ये मात्र कोणतं चालू आहे ते त्या सिमच्या मर्जीवर, वारा पूर्वेचा असेल तर तुम्हाला ०९एल चा सिग्नल मिळू शकतो, आणि मग काटे असं काही करतात की डोकं फिरतं. जी१००० (गार्मिनचं स्क्रीनवालं कॉकपिट) मध्ये आयडेंट अक्षरांत लिहून येतो, तो वाचायला एक सेकंद लागतो. शेजारच्या २७एल ची फ्रीक्वेन्सी १०९.५०, आयडेंट आयएलएल. तीच घातली तर सगळं सुंदर होईल, फक्त शेजारच्या रनवेवर.

त्यानंतर कोर्स, म्हणजे रनवेच्या रेषेची दिशा. चार्टप्रमाणे २७० किंवा २७१, कारण चुंबकीय उत्तर सरकत असते आणि तुमच्या सिमचा डेटा कोणत्या सालचा आहे त्यावर एक अंश इकडेतिकडे. साध्या गोल व्हीओआर इंडिकेटरवर (नुसत्या काट्याची जुनी डायल) हा कोर्स फिरवला तरी लोकलायझरच्या काट्यावर काही फरक पडत नाही, तो फक्त आपल्या आठवणीसाठी. पण एचएसआय (कंपास आणि काटा एकाच चकतीवर) असेल, जी१००० सारखा, तर तिथे कोर्सचा बाण बरोबर लावलाच पाहिजे, नाहीतर चित्र उलटं दिसतं आणि तुम्ही काट्याच्या विरुद्ध पळत राहता.

आणि सगळ्यात मोठा भामटा म्हणजे सीडीआयचं बटण. जी१००० किंवा जीएनएस ४३० (गार्मिनचंच जीपीएस) मध्ये काटा जीपीएसचा दाखवायचा की नॅव्ह रेडिओचा ते हे बटण ठरवतं. काटा गुलाबी-जांभळा असेल तर जीपीएस, हिरवा असेल तर लोकलायझर. ४३० वर खाली व्हीएलओसी (म्हणजे नॅव्ह रेडिओ) असं लिहून आलं पाहिजे. विमान सुंदर मध्ये आहे, ऑटोपायलट खूश आहे, पण ग्लाइडस्लोप येतच नाही, अशी तक्रार आली की मी आधी काट्याचा रंग विचारतो.

बॅरोमीटर (आल्टिमीटरला लागणारा हवेचा दाब) सेट केलंय ना? एमएसएफएस (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर) मध्ये बी दाबलं की होतं. आणि घड्याळवाल्या (स्क्रीनऐवजी गोल डायल असलेल्या) सेसनात डायरेक्शनल जायरो, म्हणजे हेडिंग दाखवणारी डायल, हळूहळू सरकतो, तो कंपासशी एकदा जुळवून घ्या, नाहीतर तुमचं २४० म्हणजे खरं २३२ असेल आणि वारा नसताना वारा शोधत बसाल.

आता काट्याकडे

२४० वर जाताय, रेषा तुमच्या दक्षिणेला आहे, म्हणजे २७० कडे तोंड केलं असं समजलं तर डावीकडे. म्हणून काटा पूर्ण डावीकडे असला पाहिजे. उजवीकडे असेल तर थांबा, एकतर तुम्ही आधीच रेषा ओलांडली आहे नाहीतर रेडिओत गडबड आहे. काटा हलायच्या आधी तो कुठल्या कोपऱ्यात हवा आणि कुठल्या बाजूला सरकणार हे मोठ्याने बोलून टाका, घरचे विचित्र नजरेने बघतील, बघू द्या.

यावेळी विमान सरळ, उंची २५०० घट्ट, ट्रिम केलेलं, वेग ९० च्या आसपास. सेसना १७२ मध्ये साधारण २१००-२२०० आरपीएम लागतात, तुमच्या सिमच्या मॉडेलप्रमाणे शोधून घ्या आणि तो आकडा लक्षात ठेवा. ट्रिम केलं नसेल तर पुढचं वाचू नका, खरंच, आधी ट्रिम. हात सोडला की विमान जिथल्या तिथे राहिलं पाहिजे, कारण पुढच्या वीस सेकंदात तुमचे डोळे उंचीकडे जाणार नाहीयेत.

एक अनपेक्षित गोष्ट इथे घडते. २५०० वर असताना ग्लाइडस्लोपचा काटा साडेनऊ-पावणेदहा मैलांवरच हलायला लागतो, म्हणजे लोकलायझर मध्यावर यायच्या थोडं आधीच. नवीन माणूस ते बघून दचकतो आणि खाली जायला लागतो. जायचं नाही. लोकलायझरवर पक्के झाल्याशिवाय ग्लाइडस्लोपच्या मागे उतरायचं नाही, हा नियम खऱ्या पायलटांचाही आहे, कारण रेषेच्या बाजूला खाली काय आहे याची कुणी हमी दिलेली नाही.

काटा सुटला. आता वळायचं कधी? ९० नॉट्सला स्टँडर्ड रेटने, म्हणजे सेकंदाला ३ अंश, ३० अंश वळायला दहा सेकंद लागतात आणि त्या वळणात विमान सव्वाशे मीटरच्या आतबाहेर आडवं सरकतं. कोपरा ते मध्य ५०० मीटर, म्हणजे काटा मध्यापासून पाव अंतरावर आला की वळायचं. पाच ठिपक्यांच्या (मध्यापासून एका बाजूला पाच) इंडिकेटरवर सव्वा ठिपका, दोन ठिपक्यांच्या एचएसआयवर अर्धा ठिपका. बँक (पंखांचा झुकाव) १४-१५ अंश पुरे. बहुतेक लोक काटा मध्ये आल्यावर वळायला लागतात, तोपर्यंत उशीर झालेला असतो आणि मग दुसऱ्या बाजूने परत यायचं, परत तेच. काटा लवकर येतोय असं वाटलं तर लवकर वळा, हळू येतोय असं वाटलं तर आधी अर्धंच वळा, २५५ वर थांबा, काटा येऊ द्या, मग उरलेलं वळा. हे अर्ध्यावर थांबणं फार कामाचं आहे, मी तर सगळ्यांना तसंच करायला सांगतो.

२७० वर आलात, पंख सरळ. काटा मध्ये असेल तर छान, नसेल तरी घाई नाही. आता काट्याकडे बघून स्टिअरिंग करायचं नाही, हेडिंगकडे बघून करायचं. काटा एक ठिपका डावीकडे आहे? हेडिंग २६५ धरा आणि थांबा. पाच सेकंद, दहा सेकंद. काटा परत यायला लागला? बघत राहा, मध्ये आला की २६८-२६९. काटा तुमच्या पाच अंशांनी हललाच नाही? मग वारा आहे, अजून पाच अंश. काट्याला दुरुस्ती दिसायला वेळ लागतो आणि तेवढा धीर आपल्यात नसतो, सगळी नागमोड तिथून येते.

थोडा वाऱ्याचा हिशोब

वारा शून्य ठेवून दोनचारदा जमलं की वारा लावा, समजा २३० वरून १५ नॉट्स. २७० च्या कोर्सला हा डावीकडून ४० अंशांनी येतो, आडवा भाग साडेनऊ नॉट्स, समोरचा साडेअकरा. ९० नॉट्सला सहाएक अंशाची दुरुस्ती लागते, म्हणजे हेडिंग २६४ धरलं की विमान २७० च्या रेषेवर सरकत राहील. रनवे बाहेर दिसेल तेव्हा तो नाकासमोर नसेल, थोडा उजवीकडे दिसेल. बरोबर आहे ते. ढगातून बाहेर पडल्यावर नाक सरळ रनवेकडे फिरवायची जी उबळ येते ती दाबायची.

समोरच्या वाऱ्यामुळे ग्राउंडस्पीड (जमिनीच्या मानाने वेग) ७८ वर आला. याचा परिणाम उतरण्याच्या वेगावर होतो: ३ अंशाच्या ग्लाइडस्लोपसाठी ग्राउंडस्पीडला साधारण ५.३ ने गुणायचं. ९० ला मिनिटाला ४७५-४८० फूट, ७८ ला ४१५. डोक्यात करायचं तर पाचने गुणा आणि थोडं वाढवा. हा आकडा ग्लाइडस्लोप यायच्या आधी काढून ठेवायचा, नंतर वेळ नसतो. आणि खऱ्या हवेत (लाइव्ह वेदर लावलंत तर सिममध्येही) खाली येता येता वारा बहुधा कमी होतो, म्हणून २६४ वर सुरू झालेलं हेडिंग शेवटी २६७ वगैरे होतं. हळूहळू.

ग्लाइडस्लोप: खालून, नेहमी खालून

ग्लाइडस्लोपचा काटा वर आहे म्हणजे उतरणीची रेषा तुमच्या वर आहे, तुम्ही खाली आहात. हेच हवं. तुम्ही सरळ उडत राहायचं आणि ती रेषा तुमच्यापर्यंत खाली येऊ द्यायची. वरून पकडायला गेलं की दोन त्रास. एक म्हणजे उतरताना वेग वाढतो आणि सेसनासुद्धा सहजासहजी हळू होत नाही. दुसरा जास्त वाईट: ग्लाइडस्लोपच्या अँटेनातून खऱ्या ३ अंशाच्या वर, ९ अंशाच्या आसपास, खोटे किरणही तयार होतात. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला एक ७३७ असंच खूप वर राहिलं, ऑटोपायलटने खोटा सिग्नल पकडला आणि विमानाने एकदम नाक वर केलं, स्टॉलचा (पंखांची उचल जाण्याचा) इशारा वाजेपर्यंत गोष्ट गेली, पायलटांनी गो-अराउंड करून, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाऊन, सावरलं. डच सेफ्टी बोर्डाने त्याची नीट चौकशी केली होती. सगळ्या सिममध्ये खोटे किरण नसतात, पण सवय तीच ठेवायची.

हीथ्रोला २५०० फुटांवर काटा एक ठिपका वर असतो तेव्हा तुम्ही ८.४ मैलांच्या आसपास असता (दोन ठिपक्यांच्या पट्टीवर). तिथे १० अंश फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) टाका, वेग ११० च्या खाली आहे ना ते बघून, आणि परत ट्रिम. अर्धा ठिपका राहिला, म्हणजे ७.९ च्या आसपास, की पॉवर कमी करायला लागा, १७००-१८०० आरपीएमच्या घरात. काटा मध्ये येईपर्यंत विमानाने उतरायला सुरुवात केलेली असते. नाक ढकलून खाली जायचं नाही, पॉवर काढली की ट्रिम केलेलं विमान त्याच वेगाला स्वतः खाली जातं. बार्न्सच्या वर कुठेतरी आहात, उजवीकडे नदीवर हॅमरस्मिथ ब्रिज, आणि थ्रेशोल्ड अजून बरोबर पाच मिनिटांवर.

आता काम फक्त बारीक. थोडं खाली गेलात तर १०० आरपीएम वाढवा, वर गेलात तर १०० काढा. नजर फिरती ठेवायची, कृत्रिम क्षितिजावर, तिथून हेडिंग, परत क्षितिज, मग काटे, परत क्षितिज, अधूनमधून वेग. काट्यांवर नजर खिळली की पंख झुकतात आणि कळत नाही.

मधे मधे उंची ताडून बघा. ५ मैलांवर, क्यू गार्डन्सच्या वर, साधारण १७०० फूट. ४ मैलांवर १४००, ३ वर १०८०, २ वर ७६०. काटा मध्ये आहे पण ४ मैलांवर उंची २००० दिसतेय असं झालं तर काटा खोटं बोलतोय, किंवा बॅरोमीटर, किंवा तुम्ही भलत्याच आयएलएसवर आहात. जसजसे जवळ जाल तसतसं सगळं संवेदनशील होतं, ९ मैलांवर पाच अंशाची दुरुस्ती चालते, ३ मैलांच्या आत दोन अंशांपेक्षा जास्त करू नका.

उतरायचं की परत वर जायचं

कॅट १, म्हणजे साध्या दर्जाच्या, आयएलएसची नेहमीची मर्यादा जमिनीपासून २०० फूट. हीथ्रोची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ८० फूट, म्हणून आल्टिमीटरवर सुमारे २८० दिसलं की निर्णय. रनवे किंवा त्याचे दिवे दिसले, उतरा. नाही दिसले, पूर्ण पॉवर, नाक वर, फ्लॅप टप्प्याटप्प्याने, आणि चार्टवरचा मिस्ड अप्रोच (परत वर जायचा ठरलेला मार्ग). "अजून थोडं बघूया" नाही. त्याआधी हजार फुटांच्या खाली कुठलाही काटा अर्ध्याच्या पलीकडे गेला आणि परत येत नाहीये तरीही वरच जायचं. सिममध्ये गो-अराउंड कोणी करत नाही, सगळे कसंबसं उतरवतात आणि व्हिडिओ टाकतात. मला विचाराल तर गो-अराउंडचाच सराव जास्त करा, तो जमला की उतरण्याची भीती आपोआप कमी होते.

रनवे दिसल्यावर सेसनाचा वेग ६५ पर्यंत आणायला भरपूर जागा आहे, ३.९ किलोमीटर समोर पसरलेत. पूर्ण फ्लॅप ८५ च्या खाली.

ऑटोपायलटवाल्यांसाठी

हेडिंग मोड आणि उंची मोडवर २४०, २५०० धरून या, सीडीआय हिरवा करा, आणि लोकलायझरच्या दिशेने ३० अंशात असताना एपीआर (अप्रोचचं बटण) दाबा. जी१००० मध्ये वरच्या पट्टीत लोकलायझर आणि ग्लाइडस्लोप पांढऱ्या अक्षरांत येतील, म्हणजे तयारीत आहेत. पकडले की हिरवे. जोपर्यंत पांढरं आहे तोपर्यंत ऑटोपायलट तुमच्या हेडिंगवरच चाललाय, त्याने काही पकडलेलं नाही, हे विसरून लोक चहा आणायला जातात. जीपीएसवर असताना एपीआर दाबलं तर तो जीपीएसचाच अप्रोच तयारीत घेतो. वरून आलात तर बरेचसे ऑटोपायलट ग्लाइडस्लोप पकडतच नाहीत, २५०० वर सरळ निघून जातात आणि सगळं हीथ्रो खालून सरकत जातं. आणि सेसनाचा ऑटोपायलट विमान उतरवत नाही, २०० फुटांच्या आधी तो काढायचा आणि हाताने उतरायचं. आपोआप उतरणं हा वेगळाच प्रकार. प्रवासी घेऊन नियमित फ्लाइटवर ते पहिल्यांदा झालं ते हीथ्रोवरच, जून १९६५ मध्ये, पॅरिसहून आलेल्या ट्रायडंट विमानाचं.

ऑनलाइन नेटवर्कवर, व्हॅटसिम वगैरे, जिथे खरी माणसं कंट्रोलर होऊन बसतात, कंट्रोलर तुम्हाला हेच २४० चं हेडिंग देईल आणि लोकलायझर पकडला की सांगा म्हणेल. तो कोन आणि उंची त्याच्या हातात असते, पण रेडिओ, कोर्स, सीडीआय तुमच्याच. हेडिंग देताना त्याने तुम्हाला फार जवळ किंवा फार वर ठेवलंय असं दिसलं तर बिनधास्त सांगा, परत फिरवून आणतो, कुणी रागवत नाही.

आणि मुंबई

हे हाताला बसलं की मुंबईचा २७ घ्यायचा मोह होणारच, घाटकोपरच्या वरून येऊन उतरायला मजा येते. पण २५०० फूट तसेच उचलून तिकडे नेऊ नका. विमानतळापासून पूर्वेला वीस-बावीस मैलांवर माथेरान आहे, उंची साधारण ८०० मीटर, म्हणजे २६०० फूट. लांबून २५०० वर ढगात येत असाल तर आयएलएसच्या आधी माथेरान भेटेल. मुंबईचा चालू चार्ट उघडा, त्यावर ग्लाइडस्लोप कुठल्या उंचीला आणि किती मैलांवर भेटतो ते बघा, कुठल्या बाजूला किमान उंची किती ते बघा, फ्रीक्वेन्सी आणि कोर्स तिथूनच घ्या, आणि मग वर केलेला दोन मैल आधीचा हिशोब परत मांडा. पावसाळ्याचं हवामान लावायचं असेल तर आधी ढगांचा तळ ८०० फुटांवर ठेवा, वारा नैर्ऋत्येचा. ते सलग जमायला लागलं की तळ ३०० वर आणा.